प्रवेश सगळ्यांना, पदवी मोजक्यांना: अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांचा पेच

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला प्रवेश घेणाऱ्या शंभर विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच विचारलं, तर त्यातले साधारण ऐंशी सांगतात की पुढे विद्यापीठात जाऊन चार वर्षांची बॅचलर्स पदवी घ्यायची आहे. सहा वर्षांनी त्यांचाच शोध घेतला, तर विद्यापीठापर्यंत पोचलेले एकतीस-बत्तीस निघतात आणि बॅचलर्स पूर्ण केलेले फक्त सोळा. ही मुलं वाटेत नेमकी कुठे गळतात, का गळतात आणि ही गळती थांबवणं कॉलेज चालवणाऱ्यांना इतकं जड का जातं, ते इथे उलगडून सांगायचा प्रयत्न आहे.

माझं मत आधीच मांडते. मुलांची कुवत हे याचं मुख्य कारण नाही. या कॉलेजांची सगळी घडण जास्तीत जास्त लोकांना आत घेण्यासाठी झाली. आत आलेल्याला शेवटपर्यंत नेण्याचा विचार तिच्यात फार उशिरा शिरला. आणि ही घडण बदलायला जितकी वर्षं लागतात, तितकी वर्षं बदल सुरू करणारा माणूस सहसा पदावर राहत नाही.

आधी हे कॉलेज म्हणजे काय

आपल्याकडे कॉलेज म्हटलं की कट-ऑफ आणि मेरिट लिस्ट आलीच. कम्युनिटी कॉलेजात या दोन्ही गोष्टी नाहीत. हायस्कूल संपवलेल्या जवळपास कोणालाही प्रवेश मिळतो, वयाची अट नसते, नोकरी सांभाळून शिकता येतं. इथे दोन वर्षांची असोसिएट डिग्री मिळते, नर्सिंग, वेल्डिंग, अकाउंटिंग असे थेट नोकरीला नेणारे अभ्यासक्रम असतात, नव्याने देशात आलेल्यांसाठी इंग्रजीचे वर्ग असतात. शिवाय शाळेत असतानाच कॉलेजची क्रेडिट्स मिळवणारी मुलंही आता मोठ्या संख्येने येतात. देशभर पाहिलं तर साधारण पाचातला एक विद्यार्थी तसा असतो. फी विद्यापीठाच्या मानाने खूपच कमी. कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिटांचा एक विषय १३८ डॉलरमध्ये. भारतात यूजीसीने २०१३मध्ये याच नावाची योजना आणली होती, पण ती आधीपासून असलेल्या कॉलेजांत कौशल्याचे अभ्यासक्रम चालवण्याची होती. अमेरिकेत ही स्वतंत्र आणि अवाढव्य व्यवस्था आहे, हजाराच्या आसपास कॉलेजांची.

सुरुवात १९०१मध्ये इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी झाली. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि गावातल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी ठरवलं की विद्यापीठाची पहिली दोन वर्षं मुलांना गावातच शिकता यावीत. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी होते. दुसऱ्या महायुद्धानंतर, परतलेले सैनिक त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या १९४४च्या कायद्याचा आधार घेऊन शिकायला आले. १९४७मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने देशभर अशा कॉलेजांचं जाळं उभारायची शिफारस केली. १९६०मध्ये कॅलिफोर्नियाने उच्चशिक्षणाचा आराखडा केला: हायस्कूलच्या वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एकतृतीयांशांसाठी स्टेट कॉलेजं आणि बाकी सगळ्यांसाठी कम्युनिटी कॉलेजं. आज त्या एका राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत.

गरीब घरातल्या मुलाला, काळ्या किंवा लॅटिनो मुलीला, तिशीतल्या कामगाराला उच्चशिक्षणाची वाट या व्यवस्थेने मोकळी केली, हे तिचं मोठं काम आहे. मी पुढे जी टीका करणार आहे, ती हे काम मोलाचं वाटतं म्हणूनच. पण राज्यं पैसे देत होती ते मुख्यतः किती विद्यार्थी नोंदले गेले त्यावर. किती बाहेर पडले आणि काय घेऊन बाहेर पडले, याचा हिशेब अनेक दशकं कोणी नीट मागितलाच नाही. २००४मध्ये ‘अचीव्हिंग द ड्रीम’ नावाचा उपक्रम सुरू झाला, कॉलेजं स्वतःची आकडेवारी उघडून पाहू लागली. २००९च्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी मिशिगनमधल्या मॅकोंब कम्युनिटी कॉलेजात भाषण करून पदवी पूर्ण करण्याचं राष्ट्रीय लक्ष्य जाहीर केलं. तोवर व्यवस्था शंभरी ओलांडून गेली होती.

गणिताची साखळी

गळती समजून घ्यायची तर एकच ठिकाण नीट पाहावं: गणित.

कोणालाही प्रवेश द्यायचा म्हटल्यावर प्रत्येकाची तयारी वेगळी असणार. म्हणून प्रवेशानंतर एक चाचणी घ्यायची आणि कच्च्या ठरलेल्यांना आधी ‘रिमेडियल’ वर्गात, म्हणजे शाळेच्या पातळीच्या उजळणी वर्गात बसवायचं, अशी पद्धत रूढ झाली. या वर्गांची फी भरावी लागते, पण पदवीसाठी त्यांची क्रेडिट्स धरत नाहीत. आणि वर्ग एक नसतो. चाचणीत फार खाली पडलेल्याला अंकगणित, मग प्राथमिक बीजगणित, मग पुढचं बीजगणित, असे तीन पार केल्यावर कॉलेजचं खरं गणित.

आता हिशेब करून पाहू. समजा प्रत्येक वर्गात शंभरातले सत्तर पास होतात. वाईट निकाल नाही हा. आणि पास झालेल्यांपैकी ऐंशी टक्के पुढच्या वर्गाला नाव नोंदवतात. शंभरातून पहिला वर्ग पार करतात ७०, दुसऱ्यात बसतात ५६, पार करतात ३९, तिसऱ्यात बसतात ३१, पार करतात २२, कॉलेजच्या गणितात बसतात १८, आणि ते पास होतात १२. कोणत्याही एका शिक्षकाकडे बोट दाखवता येणार नाही, कारण प्रत्येक वर्गाचा निकाल ठीकठाकच आहे. तरी दोन वर्षांत ८८ जण गेले. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण प्रत्यक्षातलं चित्र याच जातीचं होतं. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राने २०१०च्या सुमारास दाखवून दिलं की रिमेडियल मालिकेत पाठवलेल्यांपैकी निम्म्याहून कमी मुलं ती मालिका पूर्ण करतात. कित्येक जण नापासही झाले नव्हते. ते पुढच्या वर्गाला आलेच नाहीत.

त्याहून क्लेशदायक गोष्ट २०१२मध्ये पुढे आली. ज्या चाचणीवर हे सगळं उभं होतं, तीच मोठ्या प्रमाणावर चुकत होती. गणितात चारातल्या एकाला आणि इंग्रजीत तिघांतल्या एकाला भलत्याच वर्गात बसवलं जात होतं, आणि त्यातली बहुतेक चूक मुलाला त्याच्या कुवतीपेक्षा खाली ढकलण्याची होती. ऐन उमेदीत एका दुपारी घेतलेल्या चाचणीने ‘तू कॉलेजच्या लायक नाहीस’ असं सांगितलं आणि ते त्या मुलांनी खरं मानलं. शाळेतली चार वर्षांची गुणपत्रिका त्या चाचणीपेक्षा जास्त भरवशाची निघाली.

मग कायदे आले. फ्लोरिडाने २०१३मध्ये बहुतेकांसाठी रिमेडियल ऐच्छिक केलं. टेनेसीने मुलांना थेट कॉलेजच्या गणितात बसवून सोबत मदतीचा जोडवर्ग द्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियाने २०१७मध्ये कायदा करून शाळेच्या गुणांवर वर्ग ठरवायला सांगितलं. २०१९पासून तो पूर्णपणे लागू झाला. पहिल्याच वर्षी कॉलेजचं गणित पास होणाऱ्यांची संख्या खूप वाढली. थेट बसवल्यामुळे नापास होणाऱ्यांची संख्याही वाढली, आणि गणिताच्या शिक्षकांनी याबद्दल जो आवाज उठवला तो ऐकण्यासारखा आहे. पंचवीस वर्षांनी शिकायला परतलेल्या माणसाला त्रिकोणमितीच्या आधी थोडी उजळणी हवी असेल, तर ती वाटही बंद करू नये, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण जुनी साखळी परत आणा असं जे म्हणतात, त्यांनी वरचा बाराचा हिशेब पुन्हा पाहावा.

वर्गाबाहेरचं आयुष्य

२००७मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने आपल्या कम्युनिटी कॉलेजांत ‘असॅप’ हा कार्यक्रम सुरू केला. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातलं सर्वांत आश्वासक काम हेच. अट एक: पूर्णवेळ शिकायचं. बदल्यात आर्थिक मदतीतून न भागलेली फी माफ, पुस्तकांचा खर्च, सबवे आणि बससाठी मेट्रोकार्ड, सोयीच्या वेळी लागून-लागून वर्ग आणि वारंवार भेटणारा एक ठरलेला ॲडव्हायझर. एरवी तिथे एका ॲडव्हायझरच्या वाट्याला सहाशे किंवा त्याहून जास्त विद्यार्थी येत. असॅपमध्ये साठ ते ऐंशी. साठ मुलं असली की कोण आजारी आहे, कोणाच्या घरी बाळ आहे, कोणी दोन आठवडे दिसलं नाही, हे लक्षात राहतं.

याची चाचणीही काटेकोर झाली. कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एकाला असॅप मिळालं, दुसऱ्याला नेहमीच्या सोयी. तीन वर्षांनी पदवी मिळवलेले नेहमीच्या गटात २२ टक्के, असॅपमध्ये ४० टक्के. नंतर ओहायोतल्या तीन कॉलेजांनी हा कार्यक्रम उचलला, तिथेही प्रमाण जवळपास दुपटीला गेलं. विद्यार्थी त्याच तोडीचे, शिक्षकही तेच. दरडोई खर्च अर्थातच वाढला, पण पदव्या इतक्या वाढल्या की न्यूयॉर्कमध्ये एका पदवीमागचा खर्च उलट कमी भरला.

मेट्रोकार्डाने पदवीत फरक पडतो हे पुष्कळांना खरं वाटत नाही. टेक्ससच्या उत्तर टोकाला असलेल्या अमारिलो कॉलेजने आपल्या विद्यार्थ्यांना विचारलं की शिक्षणात अडचण कशाची येते. वर आलेली उत्तरं अभ्यासाची नव्हती: मुलांना सांभाळायला कोणी नाही, घरभाडं, जेवण, गाडी बंद पडली, औषधपाणी, विजेचं बिल. तेव्हाचे अध्यक्ष रसेल लोअरी-हार्ट यांनी मग कॉलेजचा नेहमीचा विद्यार्थी कोण ते नव्याने ठरवलं. अठरा वर्षांचा, वडिलांच्या पैशांवर शिकणारा मुलगा त्यांच्या डोळ्यांपुढून गेला, आणि त्या जागी नोकऱ्या करत शिकणारी, घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेली एक लॅटिना तरुण आई आली. तिला त्यांनी ‘मारिया’ असं नाव दिलं. कॉलेजात धान्याचं कपाट, समाजसेवक, अडीनडीला रोख मदत आणि वकिली सल्ला, हे सगळं एका जागी आणलं. सोळा आठवड्यांच्या सत्राऐवजी बहुतेक विषय आठ आठवड्यांचे केले, म्हणजे मारियाला एका वेळी दोनच विषय सांभाळायचे, आणि मध्येच घरी काही उद्भवलं तर आठ आठवडे बुडतात, सोळा नाहीत. २०२३मध्ये अमारिलोला उत्कृष्ट कम्युनिटी कॉलेजसाठीचा ॲस्पेन पुरस्कार मिळाला, कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल व्हॅली कॉलेजसोबत विभागून.

मग सगळीकडे हे का होत नाही?

उपाय ठाऊक आहेत, आणि काहींचा पुरावा भक्कम आहे. तरी हजारभर कॉलेजांतली बरीचशी अजून जुन्याच वळणाने चालतात. इथे प्रश्न नेतृत्वावर येतो, आणि अध्यक्षांना नाकर्ते म्हणून मोकळं होण्याइतका तो सोपा नाही.

पहिला अडथळा पैशांच्या उलट्या चक्राचा. मंदी आली की नोकऱ्या जातात, लोक शिकायला येतात, कॉलेजं भरून वाहतात. पण राज्याच्या तिजोरीत तेव्हाच खडखडाट असतो, म्हणून अनुदान कापलं जातं. तेजी आली की राज्याकडे पैसा असतो, पण विद्यार्थी कामाला निघून जातात आणि नोंदणी घसरल्याने कॉलेजचं उत्पन्न आटतं. २०१०च्या सुमारास नोंदणी शिखरावर होती, मग दशकभर उतरत गेली, आणि कोविडमध्ये कोसळली. अशा वेळी साठ विद्यार्थ्यांमागे एक ॲडव्हायझर नेमायला निघालेल्या अध्यक्षाला आधी आहेत त्या लोकांचे पगार कुठून द्यायचे ते पाहावं लागतं.

दुसरा अडथळा शिक्षकांच्या नेमणुकांचा. शिकवणाऱ्यांपैकी साधारण दोनतृतीयांश अर्धवेळ असतात, सत्रागणिक करारावर. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांची आठवण होईल. सकाळी एका कॉलेजात, दुपारी तीस मैलांवरच्या दुसऱ्या कॉलेजात शिकवायचं, स्वतःची खोली नाही, वर्गाबाहेर मुलांना दिलेल्या वेळाचे पैसे बहुधा नाहीत. नवी पद्धत ठरवायच्या बैठकीला ते येणार कसे? आणि ज्या शिक्षकांकडे पहिल्या वर्षाची सर्वांत नाजूक मुलं असतात, ते बहुतेक हेच.

तिसरा, मालक अनेक. अध्यक्षाच्या डोक्यावर विश्वस्त मंडळ असतं. कॅलिफोर्नियात ते स्थानिक मतदार निवडून देतात. इतर काही राज्यांत गव्हर्नर नेमतात. खाली शिक्षकांची सिनेट असते, अभ्यासक्रमावर तिचा शब्द चालतो. संघटना असतात, राज्याची कार्यालयं असतात. या सगळ्यांचं म्हणणं ऐकून घेणं लोकशाहीला धरूनच आहे आणि ते मोडून काढावं असं मी म्हणणार नाही. पण ते जुळवायला वेळ लागतो, आणि तो वेळच कमी होत चालला आहे. अमेरिकेतल्या सर्व प्रकारच्या कॉलेज-विद्यापीठांच्या अध्यक्षांच्या पाहणीत २००६ साली अध्यक्ष सरासरी साडेआठ वर्षं पदावर असल्याचं दिसलं होतं. २०२२च्या पाहणीत तो आकडा ५.९ वर आला.

याच्याशेजारी बदलाचं वेळापत्रक ठेवून पाहा. अभ्यासक्रमांची नवी आखणी करायला, शिक्षकांना सोबत घ्यायला दोनेक वर्षं जातात. त्यानंतर आलेल्या पहिल्या तुकडीचा पदवीचा निकाल तीन वर्षांनी. बॅचलर्सचा निकाल सहा वर्षांनी. म्हणजे अध्यक्षाने लावलेल्या झाडाला फळ धरेपर्यंत तो बहुधा दुसऱ्या गावी गेलेला असतो आणि नव्याने आलेला आपलं वेगळं रोप लावतो. दोन-तीन अध्यक्ष असे पाहिले की कर्मचारीही शहाणे होतात. नव्या उपक्रमाच्या बैठकीला मान डोलावतात आणि हाही जाईल म्हणून वाट पाहतात.

अस्थिरतेची किंमत काय असते ते सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजने भोगलं. २०१३मध्ये मान्यता देणाऱ्या आयोगाने त्याची मान्यता काढून घ्यायचा निर्णय जाहीर केला. आक्षेपांचा भर शिकवण्याच्या दर्जावर नव्हता, कारभारावर आणि हिशेबावर होता. निवडून आलेल्या विश्वस्तांचे अधिकार गोठवून राज्याने विशेष विश्वस्त नेमला, प्रकरण कोर्टात गेलं, मान्यता प्रत्यक्षात कधीच गेली नाही आणि २०१७मध्ये ती पूर्ववत झाली. पण या काळात हजारो विद्यार्थ्यांनी दुसरी वाट धरली. कॉलेज उद्या असेल की नाही याची खात्री नसताना कोण नाव नोंदवणार?

उलट उदाहरण ऑरलँडोच्या व्हॅलेन्सिया कॉलेजचं. सँडी शुगार्ट तिथे २०००पासून २०२१पर्यंत अध्यक्ष होते. एवढ्या अवधीत छोट्या वाटणाऱ्या गोष्टी मुळापर्यंत नेता येतात. उदाहरणार्थ, एकदा वर्गाचा पहिला तास झाला की त्यानंतर त्या वर्गात नव्याने नाव नोंदवता येणार नाही, हा नियम. कारण उशिरा आलेली मुलं पहिल्या आठवड्यातच मागे पडतात आणि बहुधा सोडून जातात. नोंदणीवर पोट असलेल्या कॉलेजने नोंदणी नाकारायची, याला धैर्य लागतं. त्यांनी उशिरा सुरू होणारे वर्ग काढून त्या मुलांची सोय केली. शेजारच्या युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाशी करार करून असोसिएट पदवीधारकांना तिथला प्रवेश हमखास केला. २०११चा पहिला ॲस्पेन पुरस्कार व्हॅलेन्सियाला मिळाला.

राज्यं आता पैशाचं सूत्रच बदलू पाहताहेत. टेनेसीने २०१०मध्ये, टेक्ससने २०२३मध्ये अनुदान मोठ्या प्रमाणावर निकालाशी जोडलं. दिशा योग्य आहे, धोकाही खरा आहे. जिथे असं झालं, तिथे काही कॉलेजं पदव्यांऐवजी छोटी प्रमाणपत्रं वाढवून आकडा भरतात असं अभ्यासकांना आढळलं आहे. आणि सर्वांत अवघड मुलांना हळूच टाळलं, तरी निकाल सुधारतो. नेतृत्वाची खरी परीक्षा इथे लागते.

आपल्या घरांशी याचा संबंध

कॅलिफोर्नियात सॅन होजे-क्यूपरटिनो भागात राहणाऱ्या मराठी घरांना डी अँझा आणि फूटहिल ही नावं ओळखीची आहेत. एच-४ व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरी करणाऱ्या नवऱ्यासोबत, आलेल्या कितीतरी मुली नोकरीची परवानगी नसताना तिथे अकाउंटिंग, प्रोग्रामिंग किंवा बालशिक्षणाचे विषय घेतात. मात्र स्वतःच्या मुलाला तिथे पाठवायची वेळ आली की पालकांचा आवाज पडतो. मुलगा ‘मागे राहिला’ असं चारचौघांत वाटेल म्हणून. ही लाज सोडावी असं मला कळकळीने वाटतं. दोन वर्षं तिथे काढून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात ट्रान्सफर झालेल्या मुलाच्या हातात शेवटी त्याच विद्यापीठाची पदवी असते, आणि कर्ज पुष्कळ कमी.

फक्त कॉलेज निवडताना फी पाहून थांबू नये. एका ॲडव्हायझरकडे किती विद्यार्थी आहेत ते विचारावं. मुलाला ज्या विद्यापीठात ज्या विषयाला जायचं आहे, तिथे यातले कोणते विषय धरले जातील, हे पहिल्याच सत्रात लेखी घ्यावं. क्रेडिट्स वाया जाणं हे ट्रान्सफर अडण्याचं मोठं कारण आहे. गणितात मुलाला कुठे आणि कशाच्या आधारे बसवणार ते विचारावं. अध्यक्ष किती वर्षं आहेत, आधीच्यांनी सुरू केलेलं काय चालू ठेवलं आहे, हेही विचारायला हरकत नाही. विश्वस्त मंडळाच्या बैठका कॅलिफोर्नियात सगळ्यांना खुल्या असतात, तिथे कोणालाही ठरावीक मिनिटं बोलता येतं. आणि घरात अमेरिकन नागरिक झालेलं कोणी असेल, तर नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, शाळा यांच्या गर्दीत खाली कुठेतरी कम्युनिटी कॉलेजच्या विश्वस्तांची नावं असतात. पुष्कळ मतदार तो रकाना कोरा सोडतात. पुढचा अध्यक्ष कोण असेल आणि त्याला किती वर्षं मिळतील, हे त्या नावांवर ठरतं.